नाकागोवरील लेख : जपानी तलवारीची ओळख आणि कालनिर्णय

ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि मुद्रा यांना लेखविद्येत जे स्थान मिळाले ते शस्त्रांवरील लेखांना सहसा मिळालेले नाही. आपल्याकडील तलवारीवर लेख आढळलाच तर तो बहुधा पात्याच्या दर्शनी भागावर, सोन्याच्या तारेने भरलेला आणि धन्याचे वा इष्टदेवतेचे नाव सांगणारा असतो. कारागिराचे नाव, त्याचे गाव आणि घडणीचे वर्ष ही तिन्ही एकत्र सांगणारा लेख विरळा. जपानी तलवारीची गोष्ट निराळी आहे. तेथील लोहार आपला लेख पात्याच्या अशा भागावर कोरतो, की तलवार वापरात असताना तो कोणाच्याही दृष्टीस पडू नये.

हा भाग म्हणजे मुठीत दडलेले पात्याचे टोक. जपानीत त्याला नाकागो असे नाव आहे. लाकडी मूठ आणि नाकागो या दोहोंतून आरपार गेलेले एक छिद्र असते व त्यात बांबूची बारीक खुंटी ठोकलेली असते. खुंटी काढली की मूठ, चकती आणि पात्याच्या बुंध्याशी बसवलेली धातूची पट्टी ही सारी सुटी होतात आणि गंजाने काळवंडलेला नाकागो उघडा पडतो. पाते शतकानुशतके सहाणेवर घासले जाते. नाकागोला मात्र कोणी हात लावीत नाही. लोहाराने कानशीने शेवटचा हात फिरवला त्या दिवसापासून त्यावर गंजाचे पुट चढू लागते. पुटाचा रंग, त्याची जाडी आणि त्याखालून दिसणाऱ्या कानशीच्या रेघा हा सगळा त्या तलवारीच्या वयाचा पुरावा होय. लेख त्याच पुटात रुतलेला असतो.

अशा तलवारींचा आपल्याकडे संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश, मलाया व मणिपूर या आघाड्यांवर हिंदी पलटणी जपानी सैन्याशी लढल्या. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाकच्या लढाईत मराठा पलटणीची चौथी तुकडी होती. १९४५ च्या शरणागतीच्या वेळी आग्नेय आशियाचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी असा आग्रह धरला की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समक्ष स्वाधीन कराव्यात. फील्ड मार्शल तेराउची यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सायगाव येथे आपल्या तलवारी दिल्या. खालच्या पायरीवर हाच विधी असंख्य वेळा झाला, आणि त्या तलवारींपैकी पुष्कळशा विजयी सैन्यातील अधिकाऱ्यांबरोबर देशोदेशी गेल्या. आज त्या इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील कुटुंबांत वारशाने तिसऱ्या पिढीच्या हाती आहेत. भारतातील सैनिकी परंपरेच्या घरांतही अशी एखादी तलवार असणे मुळीच अशक्य नाही.

येथेच एक धोका सांगून टाकणे इष्ट आहे, कारण तो घडून गेल्यावर कोणत्याही विद्वत्तेचा उपयोग नसतो. खंडेनवमीला घरातील शस्त्रे उजळून पुजण्याची आपली चाल आहे. गंज म्हणजे हेळसांड, आणि शस्त्र म्हणजे लखलखीत, हा संस्कार आपल्या मनात खोल आहे. चिंच, राख, विटकरीची पूड किंवा पॉलिशचा कागद घेऊन कोणी भाविकपणे नाकागो घासून चकचकीत केला, तर चारशे वर्षांचा पुरावा अर्ध्या तासात नाहीसा होतो. शिकलगाराच्या फिरत्या चाकावर पाते धरणे हेही तितकेच घातक. त्याने पात्यावरील कडांची ठेवण बदलते आणि धारेला दिलेल्या पाण्याची रेघ पुसट होते. जपानातील शिकलगार अनेक प्रकारच्या सहाणी क्रमाने वापरून हाताने पाते घासतो आणि ही विद्या शिकण्यास त्याला वर्षे लागतात. तोही नाकागोला स्पर्श करीत नाही.

आता लेखाकडे वळू. तो उभ्या ओळीत, वरून खाली वाचावयाचा असतो. पात्याचे अग्र वर धरले असता लेखाचा प्रारंभ छिद्राच्या आसपास होतो व शेवट नाकागोच्या टोकाकडे. एका बाजूस लोहाराचे नाव आणि दुसऱ्या बाजूस तिथी, ही नेहमीची मांडणी. नावाची बाजू कोणती, हीच एक खूण आहे. जुनी ताची नावाची तलवार धार खाली ठेवून कमरेला टांगली जात असे. नंतरची काताना धार वर करून कमरबंदात खोवली जाई. दोन्ही डाव्या बाजूसच वापरीत, आणि नाव अंगाबाहेरच्या बाजूस यावे असा संकेत होता. म्हणून अग्र वर धरून नावाकडे पाहिले असता धार उजवीकडे आली तर तो ताचीचा लेख आणि डावीकडे आली तर कातानाचा. नियम सोपा आहे, परंतु हिझेन प्रांतातील तादायोशी घराण्याचे लोहार काताना घडवूनही ताचीच्या बाजूस नाव कोरीत. शंभरांत नव्वद ठिकाणी लागू पडणारा नियम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. उरलेल्या दहांची यादी पाठ असणे म्हणजेच विषय येणे.

चिनी-जपानी लिपी न येणाऱ्यानेही तिथीपासून आरंभ करावा. तिथीच्या ओळीत तीन अक्षरे जवळजवळ नेहमी येतात : वर्ष, महिना आणि दिवस. दिवसाचे अक्षर म्हणजे मधोमध एक आडवी रेघ असलेली उभी चौकट. महिन्याचे अक्षर तशाच चौकटीसारखे, पण आत दोन आडव्या रेघा आणि खाली उघडे. ही दोन सापडली की वर्षाचे अक्षर त्यांच्या वर हुडकता येते. एक, दोन, तीन हे आकडे तितक्याच आडव्या रेघांनी दाखवतात. चार या आकड्याचा चिनी उच्चार मृत्युवाचक शब्दाशी जुळतो म्हणून काही लोहार तो टाळून दोनाच्या रेघा दोनदा कोरतात. शस्त्र घडवणाऱ्याने मृत्यूचे नाव टाळावे यात गंमत आहे. महिना पाहिला तर बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा असतो, आणि दिवसाच्या अक्षरापूर्वी आकडाच नसतो : ‘आठव्या महिन्यातील एक दिवस’ एवढेच. तेव्हा ही तिथी म्हणजे प्रत्यक्ष नोंद नसून बव्हंशी रूढ वाक्यप्रयोग आहे. वर्ष तेवढे गंभीरपणे घ्यावे.

वर्षाच्या वर राजवर्षाच्या पर्वाचे नाव असते. जपानी कालगणनेत सम्राटाच्या दरबारातून पर्वाला एक शुभसूचक नाव दिले जाई आणि वर्षे त्या नावापासून मोजीत. एकाच सम्राटाच्या काळात ते नाव अनेकदा बदले. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शक ज्याने कागदपत्रांत पाहिला आहे त्याला ही रीत चटकन कळेल. गणित सरळ आहे : पर्वारंभाच्या इसवी सनात लेखातील आकडा मिळवून एक वजा करावा. एइशो पर्वाचा आरंभ १५०४ मध्ये झाला, म्हणून एइशो ७ म्हणजे १५१०. पहिल्या वर्षासाठी ‘एक’ न लिहिता ‘आद्य’ या अर्थाचे अक्षर वापरतात, हे ठाऊक नसले की नवखा अडतो. शिवाय १८७३ च्या आरंभापर्यंत जपानात चांद्रमास चालत असल्याने वर्षाच्या अखेरच्या महिन्यातील तिथी पुढील इसवी सनात जाऊ शकते.

काही लेखांत पर्वाच्या नावाबरोबर, तर क्वचित त्याऐवजी, साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव येते. दहा ‘खोड’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांतून हे चक्र बनते. आपल्या पंचांगातील प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरांशी त्याचे साम्य उघड आहे, आणि अडचणही तीच : नुसते संवत्सर दिले असेल तर ते साठ वर्षांनी पुन्हा येते, म्हणून शतक ठरविण्यास दुसरा पुरावा लागतो. १३३६ ते १३९२ या काळात तर दोन दरबार होते आणि दोन्ही आपापली पर्वनामे जाहीर करीत. १३५६ हे एकच वर्ष उत्तरेकडील दरबाराच्या मते एन्बुनचे पहिले, तर दक्षिणेकडील दरबाराच्या मते शोहेइचे अकरावे. लोहाराने कोणते नाव कोरले यावरून त्याच्या प्रदेशावर कोणाचा अंमल होता, निदान तो कोणाचा अंमल मानीत होता, हे कळते. कालनिर्णयासाठी उघडलेला नाकागो अशा वेळी राजकीय इतिहास सांगू लागतो.

नावाची बाजू अधिक बिकट आहे. तिचा पूर्ण साचा असा : प्रांत, गाव, ‘निवासी’ या अर्थाचे अक्षर, लोहाराचे नाव आणि शेवटी ‘याने केले’ या अर्थाचे अक्षर. ‘निवासी’ आणि ‘केले’ या दोन्ही अक्षरांचा डावा अर्धा भाग सारखाच, मनुष्यवाचक खूण असलेला असतो आणि गंजात उजवा भाग झिजला की नवशिके त्यांची हटकून अदलाबदल करतात. स्थान पाहिले तर संशय उरत नाही : पहिले नावाच्या आधी येते, दुसरे नावानंतर. सतराव्या शतकापासून नावाआधी ‘अमुक प्रांताचा स्वामी’ अशा पदव्या वारंवार दिसतात. पदवीतील प्रांत म्हणजे लोहाराचे गाव नव्हे. ओसाकात राहणारा लोहार इझुमी प्रांताचा ‘स्वामी’ म्हणवून घेई तो दरबाराकडून मिळालेल्या मानाच्या नावामुळे, आणि त्या प्रांतात त्याची सत्ता वा जमीन असण्याचे कारण नव्हते. आडनाव कुलकर्णी आहे म्हणून तो गृहस्थ गावचे दप्तर लिहितो असे आपण मानीत नाही, तसेच हे.

नावे तरी निरनिराळी असावीत, पण तेही नाही. शिष्य गुरूच्या नावातील एक अक्षर घेतो, मुलगा बापाचे नाव जसेच्या तसे चालवतो. मिनो प्रांतातील लोहारांत ‘काने’ हे आद्याक्षर इतके पसरले आहे की ते व्यक्तीचे नाव न राहता घराण्याचा प्रत्यय झाले आहे. बिझेन प्रांतातील ओसाफुने गावी ‘सुकेसादा’ हे नाव धारण करणारे अनेक लोहार होऊन गेले आणि सोळाव्या शतकातील युद्धकाळात त्या नावाखाली घाऊक माल निघाला. म्हणून ‘ओसाफुनेचा सुकेसादा’ एवढाच त्रोटक लेख साध्या मालावर, आणि लोहाराचे व्यक्तिगत नाव घालून केलेला सविस्तर लेख मागणीवरून घडवलेल्या चांगल्या पात्यावर, असा भेद जाणकार करतात.

एकाच नावाच्या दोन लोहारांत निवड करावयाची वेळ येते तेव्हा अक्षराचे वळण निर्णायक ठरते. मिनोतील सेकी गावच्या कानेसादा घराण्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे नाव एकच. परंतु ‘सादा’ या अक्षराचा खालचा भाग दोघे वेगवेगळ्या तऱ्हेने काढतात आणि जाणकारांनी त्यांना त्या वळणांवरूनच ‘नोसादा’ व ‘हिकीसादा’ अशी टोपणनावे दिली आहेत. ओसाकाचा त्सुदा सुकेहिरो १६७४ पर्यंत आपले नाव ठसठशीत चौकोनी वळणात कोरी, त्यानंतर गोलाकार धावत्या वळणात. त्याच्या पात्यावर तिथी नसली तरी अक्षराची गोलाई पाहून ते पूर्वकालीन की उत्तरकालीन हे सांगता येते. मोडी पत्रांत हस्ताक्षरावरून कारकून ओळखणाऱ्यांचा मार्ग यापेक्षा वेगळा नाही.

परंतु लेख खरा असेल तरच हे सारे खरे. एदो येथे सतराव्या शतकात नावारूपाला आलेला नागासोने कोतेत्सु हा मूळचा चिलखतकार. त्याच्या नावाची इतकी नक्कल झाली की कोतेत्सुचे नाव दिसले तर पाते खोटे समजावे, असे तज्ज्ञांत बोलले जाते. जपानात तलवार ही नजराण्याची वस्तू होती आणि नजराण्याला मोठे नाव लागे. पुरवठा मागणीच्या मागोमाग आला. युरोपातही अँड्रिया फेरारा या सोळाव्या शतकातील इटालियन कारागिराचे नाव पुढे कित्येक पात्यांवर नुसता उत्तमतेचा शिक्का म्हणून उमटत राहिले. मात्र जपानी परंपरा खोटेपणाच्याही पायऱ्या मानते. वृद्ध गुरूच्या संमतीने शिष्याने पाते घडवून त्यावर गुरूचे नाव कोरले, तर त्याला नक्कल म्हणत नाहीत. त्यासाठी ‘वतीने केलेली सही’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. पाते कापून आखूड करताना जुनी सही जाऊ नये म्हणून ती पट्टी दुमडून ठेवलेली, किंवा तेवढा तुकडा कापून नव्या नाकागोत जडवलेला आढळतो. असे तुकडे दुसऱ्याच पात्यातून आणून बसवण्याचा मोह अर्थातच झालेला आहे : अक्षरे खरी, पोलाद खरे, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

बनावट लेख ओळखण्याच्या खुणा डोळ्यांना आणि बोटांना कळतात. छिन्नीचा प्रत्येक घाव लोखंड बाजूला सारतो आणि रेघेच्या काठाशी बारीक कंगोरा उठतो. जुन्या लेखात तो झिजलेला व गंजाखाली गेलेला असतो. आजूबाजूचे पुट काळे आणि रेघेच्या तळाशी मात्र गंज तांबूस, मोकळा असेल तर लेख पाठीमागून कोरला आहे. छिन्नी कोठे टेकली आणि कोणत्या दिशेने गेली हेही ठशातून दिसते. ब्रश कागदावर सरकतो, छिन्नी एकेक ठोक्याने पुढे जाते. म्हणून लोहाराची सवय त्या ठोक्यांच्या अंतरात राहते आणि आकार हुबेहूब साधणाऱ्या नकलाकाराकडूनही तेथे चूक होते. यासाठी खात्रीच्या पात्यांचे कागदी ठसे शतकानुशतके जमवलेले आहेत. तलवारपारखी होन्आमी घराण्याने ही परंपरा चालवली, आणि शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून नामांकित तलवारींची जी सूची अठराव्या शतकाच्या आरंभी तयार झाली तीही याच घराण्याच्या हातून.

या सर्वांहून लक्षणीय आहे ती पारख शिकवण्याची रीत. शिकाऊंपुढे पाते ठेवतात ते नाकागो झाकून. त्यांनी घाट, पोलादाचा पोत आणि धारेची रेघ पाहून लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठी वाचणारा नुसते बरोबर किंवा चूक सांगत नाही. नेमके नाव आले तर ‘लागले’. त्याच घराण्यातील वा शाखेतील जवळचे नाव आले तर ‘जवळजवळ तेच’. प्रांत बरोबर पण घराणे निराळे असेल तर तसे. काळ चुकला तर तसे. त्या उत्तरावरून शिकाऊने दुसरी चिठ्ठी लिहावयाची. भाषांचे कूळ, शाखा, बोली आणि कालखंड यांची मांडणी करणाऱ्याला या श्रेणी ओळखीच्या वाटतील. एखादी अपरिचित बोली ऐकून ती कोकणीची कोणती शाखा हे न सांगता आले, तरी ती द्राविडी नव्हे एवढे सांगता आले तर ते ज्ञानच आहे. लेख झाकण्यामागील हेतूही स्पष्ट आहे : लेख आधी वाचला की डोळे पात्यात तेच पाहू लागतात. अक्षरांचे शिक्षण ज्यांचे अधिक झाले आहे त्यांना हे बंधन सर्वांत जाचक वाटते आणि सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

मग लेखावाचून पाते काय सांगते? प्रथम घाट. बाराव्या शतकाच्या आसपासची ताची सडपातळ, बुंध्याशी रुंद व अग्राकडे निमुळती, आणि तिचा बाक मुठीजवळ खोल असतो. तेराव्या शतकाच्या मध्यास पाते रुंद आणि अग्र आखूड, दांडगे होते. दोन दरबारांच्या काळात तलवारी प्रचंड लांब-रुंद होतात व अग्र लांबते. सोळाव्या शतकात पायदळाची लढाई आली आणि तलवार एका हाताने झटकन उपसता यावी म्हणून ती दोन शाकूंच्या आगेमागे आखूड झाली, नाकागो तोकडा झाला, बाक अग्राकडे सरकला. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात, म्हणजे कान्बुन पर्वाच्या सुमारास, बाक जवळजवळ सरळ होतो. १५९६ पूर्वीच्या पात्यांना ‘जुनी तलवार’ व नंतरच्यांना ‘नवी तलवार’ म्हणण्याची प्रथा आहे.

दुसरी गोष्ट पोलादाची. घडीवर घडी घालून घणाने ठोकलेल्या पोलादाचा पोत लाकडाच्या रेषांसारखा दिसतो आणि प्रांताप्रांताच्या रेषा निराळ्या असतात. पाते तापवून पाण्यात बुडवण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतात, धारेपाशी पातळ व पाठीकडे जाड. त्यामुळे धार झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ चिवट राहते आणि दोहोंच्या सीमेवर पांढरट रेघ उमटते. दिव्याखाली पाते तिरके धरले तर त्या रेघेत कोठे धुक्यासारखा पट्टा, कोठे डोळ्यांना सुटे दिसणारे चमकते कण आढळतात. हे वर्णनाने शिकता येत नाही. खरी पाते पाहावी लागतात, आणि पुष्कळ पाहावी लागतात.

वरील सुकेसादाचा लेख घेऊन ही कसोटी लावता येते. समजा, एका बाजूस ‘बिझेनच्या ओसाफुनेचा सुकेसादा’ आणि दुसरीस ‘एइशो ७, आठवा महिना’ असे आहे. १५१० चे ते पाते आखूड, भक्कम, अग्राकडे बाक असलेले आणि तोकड्या नाकागोचे असावयास हवे. हातातील पाते अडीच शाकू लांब, जवळजवळ सरळ, नाकागो लांब आणि त्यावर कानशीच्या रेघांची शोभिवंत नक्षी, असे निघाले तर लेखाने सांगितलेला काळ आणि लोखंडाने सांगितलेला काळ यांत निदान दीडशे वर्षांचे अंतर पडते. शोभेची कानस ही ‘नव्या तलवारी’च्या काळातील रीत आहे. अशा ठिकाणी लेखाची साक्ष बाजूला ठेवावी लागते.

तथापि घाटही फसवतो. लांब पाती नंतरच्या काळात आखूड केली गेली, आणि ती नेहमी मुठीच्या बाजूने कापतात. त्यामुळे सही कापली जाते, बाक बदललेला दिसतो आणि नाकागोवर दोन-तीन छिद्रे पडतात. पात्यावरील खोल पन्हळ नाकागोच्या टोकापर्यंत आरपार गेलेली असेल तर हा संशय बळावतो. सही नसणे हा म्हणून कमीपणा नव्हे. श्रेष्ठ गणलेल्या अनेक जुन्या पात्यांवर सही नाही, आणि काहींवर होन्आमी पारख्याने दिलेले नाव सोन्याने भरलेले आहे. ते नाव म्हणजे लोहाराची सही नव्हे, पारख्याचे मत होय. काहींवर आणखी एक सोनेरी नोंद असते : देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर पाते चालवून एका घावात किती धडे तुटली तिची. यामानो काएमोन या सतराव्या शतकातील परीक्षकाच्या अशा नोंदी विशेष किमतीच्या मानल्या जातात. संग्राहक त्या ज्या कौतुकाने वाचतात ते वाचवत नाही. पण त्यांवर तिथी असते, आणि पाते त्या तिथीपूर्वीचे आहे एवढे त्यातून सिद्ध होते.

सर्वांत फसवा काळ अठराव्या शतकाच्या अखेरचा. सुइशिन्शी मासाहिदे (१७५०–१८२५) याने जुन्या घडणीकडे परत फिरण्याचा पुरस्कार केला आणि त्याच्यामागून लोहारांनी तेराव्या-चौदाव्या शतकांचे घाट हेतुपुरस्सर उभे केले. भाषेत आर्षप्रयोग असतात तसेच हे. ज्ञानेश्वरीच्या वळणाने लिहिलेली एकोणिसाव्या शतकातील ओवी ओळखावयाची ती एखाद्या नकळत आलेल्या अर्वाचीन प्रत्ययावरून. येथे तो प्रत्यय म्हणजे नाकागोवरील कानस, न झिजलेली धार आणि पात्याचे भरीव वजन. १८७६ च्या मार्चमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि बहुसंख्य लोहारांच्या भट्ट्या थंडावल्या.

१९४५ मध्ये स्वाधीन झालेल्या तलवारींत सर्वाधिक संख्या याच्या पुढच्या, शोवा पर्वातील मालाची आहे, आणि वारसदाराने प्रथम हीच शक्यता धरावी. कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी १९३५ पासून काढलेली तलवार यंत्राची : तिची मूठ ओतीव धातूची, रंगाने दोरीचा भास केलेली, आणि पात्यावर क्रमांक ठोकलेला. तिला बांबूची खुंटी नसून स्क्रू असतो. आत सही शोधण्यात अर्थ नाही. वरिष्ठांच्या तलवारींत तीन प्रकार मिसळलेले आहेत. बहुतेक पाती तेलात थंड केलेल्या कारखानी पोलादाची, नाकागोवर लहान शिक्का मारलेली. थोडी त्याच काळी जुन्या पद्धतीने घडवलेली; सैन्याने मान्यता दिलेल्या लोहारांच्या काही पात्यांवर ताऱ्याचा शिक्का असतो. आणि काही खरोखरची घराण्यातील पाती, युद्धावर जाताना लष्करी मुठीत बसवलेली. बाहेरून तिन्ही सारखी दिसतात. शोवा १९ म्हणजे १९४४. क्वचित ‘दोन हजार सहाशे’ असा आकडा दिसतो, तो जपानच्या पुराणप्रसिद्ध आद्य सम्राटापासून मोजलेला, इसवी १९४० चा.

वारशाबरोबर एक कथाही येते, आणि ती बहुधा ‘जपानी सेनापतीची तलवार’ अशी असते. तिला खोटी ठरविण्याची घाई करू नये आणि पुरावाही मानू नये. पिढी ओलांडताना पदवी वाढते. कॅप्टनचा कर्नल होतो आणि कर्नलचा सेनापती. पण स्थळाचे नाव, पलटणीचे नाव, महिना असे बिनमहत्त्वाचे तपशील मात्र पुष्कळदा टिकून राहतात, कारण त्यांना फुगवून कोणाचा लाभ नसतो.

एका प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. जपानात १९४८ साली स्थापन झालेली कलात्मक तलवारींच्या जतनाची संस्था पात्यांना दाखले देते; खोट्या सहीच्या पात्याला तो मिळत नाही. परिणामी काही मालक खोटी सही खरवडून काढतात आणि ‘सही नसलेले’ म्हणून तेच पाते पुन्हा तपासणीस पाठवतात. पात्याच्या दृष्टीने हे समर्थनीय असेल. लेखविद्येच्या दृष्टीने ते समर्थनीय नाही. सातव्या शतकाचे म्हणून बाराव्या शतकात बनवलेले ताम्रपत्र सातव्या शतकासाठी निरुपयोगी, पण बाराव्या शतकात कोणाला कोणती जमीन हवी होती हे सांगणारे अस्सल साधन असते. कोतेत्सुची खोटी सही ही कोतेत्सुच्या कीर्तीची तशीच अस्सल नोंद आहे. ती खरवडण्यापूर्वी निदान तिचा ठसा घेतला जावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

ज्याच्या घरी अशी तलवार आहे त्याने करावयाचे काम थोडे आहे. पात्याच्या पाठीवरील खाचेपासून अग्रापर्यंत सरळ रेषेत लांबी मोजावी, त्या रेषेपासून पाठीचे सर्वांत मोठे अंतर म्हणजे बाक तोही मोजावा, छिद्रे मोजावीत, नाकागोच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे बाजूने पडणाऱ्या प्रकाशात घ्यावीत, आणि पात्याला बोट न लावता स्वच्छ हलक्या तेलाचा पातळ हात देऊन ते मिटवून ठेवावे. खुंटी सहज निघत नसेल तर ती जाणकारासाठी राहू द्यावी. मुठीला किंवा म्यानाला कधी कधी लाकडी वा कापडी चिठ्ठी बांधलेली असते. शरणागतीच्या वेळी ती मूळ मालकानेच बांधलेली असून तीवर त्याचे नाव, हुद्दा, क्वचित गावही शाईने लिहिलेले असते. अशा चिठ्ठ्यांवरून काही तलवारी पुढे त्या कुटुंबांकडे परत गेल्या आहेत. शाई पाण्याने पसरते. चिठ्ठी पुसू नये, सोडू नये, आधी तिचे छायाचित्र घ्यावे.